डीपी बॉक्सपासून घरापर्यंतची तार: स्थानिक दूरध्वनीत स्पर्धा कधी आलीच नाही का?

शनिवारपेठी (धागाकर्ता)

आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी संपली आणि सामान हलवण्यापूर्वी मी जिन्याखालचा जुना डीपी बॉक्स, म्हणजे इमारतीतल्या फोनच्या तारा जिथे जोडल्या जातात ती पेटी, उघडून पाहिला. झाकणाची एक बिजागरी गंजून निखळली होती, आत कुंभारमाशीने मातीचे घर केले होते, आणि दहा जोड्यांच्या (एका फोनला दोन तारांची एक जोडी) पट्टीशेजारी कोण्या लाईनमनने पेन्सिलीने लिहिलेले सदनिकांचे क्रमांक अजून वाचता येत होते. दहापैकी नऊ जोड्या भरलेल्या होत्या, मात्र त्यांतला एकही फोन आज चालू नाही. नव्या इमारतीच्या करारनाम्यात एक कलम असे आहे, की दूरध्वनी आणि इंटरनेटची जोडणी विकासकाने नेमलेल्या एकाच कंपनीकडून घ्यावी लागेल. ते वाचल्यापासून माझ्या मनात जो प्रश्न घोळतो आहे, त्यासाठी हा धागा काढतो आहे.

आपल्याकडे स्थानिक दूरध्वनीची सुरुवात खासगी कंपन्यांनी केली, हे बहुतेकांच्या लक्षात नसते. मुंबईचे पहिले एक्स्चेंज, म्हणजे दूरध्वनी केंद्र, १८८२ साली खासगी कंपनीने उघडले, आणि मुंबई, कोलकाता व मद्रास येथील दूरध्वनी कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या त्या १९४३ मध्ये. १९८५ मध्ये टपाल आणि दूरसंचार ही खाती वेगळी झाली, १९८६ मध्ये मुंबई व दिल्लीसाठी एमटीएनएल ही सरकारी कंपनी निघाली, पण दार एकच राहिले. १९९४ चे राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर झाले तेव्हा देशात सुमारे ८० लाख जोडण्या होत्या, प्रतीक्षायादीत सुमारे २५ लाख लोक होते आणि शंभर माणसांमागे एक फोनसुद्धा नव्हता; प्रमाण ०.८ होते. त्या धोरणाने स्थानिक सेवा खासगी कंपन्यांना खुली केली. निविदांमध्ये बोली इतक्या चढल्या की बहुतेक परिमंडळांत, म्हणजे परवान्यासाठी पाडलेल्या विभागांत, कोणी टिकलेच नाही, आणि अखेर आंध्र प्रदेश, गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, पंजाब व राजस्थान या सहाच परिमंडळांत प्रत्येकी एक खासगी कंपनी उतरली. महाराष्ट्र आणि गोव्यात ह्यूजेस आली, जिचा व्यवसाय पुढे टाटांनी घेतला.

माझे म्हणणे असे आहे, की सरकारने परवाना देण्यावरचे निर्बंध उठवले, परंतु एक्स्चेंजपासून घरापर्यंत जी तांब्याची तार जनतेच्या पैशाने आधीच घातलेली होती, ती नव्या कंपनीला भाड्याने देण्याची सक्ती कधीच केली नाही. त्यामुळे नवी कंपनी आली तरी तिने माझ्या घरापर्यंत स्वतःचा रस्ता खणावा, अशीच अपेक्षा होती, आणि तो खर्च तिने माझ्या वाड्यासाठी का करावा? दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने २००४ मध्ये ही तार इतरांना खुली करण्याची शिफारस केली होती. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणाने ती सक्तीची न करता कंपन्यांच्या आपसांतील व्यावसायिक समझोत्यावर सोडून दिली. ज्याच्या हातात तार होती त्याला समझोता करण्याची गरज नव्हती, म्हणून तो झाला नाही. आता तांबे गेले, काचेची तार (फायबर) आली, आणि एकच दार पुन्हा आमच्या जिन्याखाली उभे राहिले आहे. यावर जाणकारांची मते वाचायला आवडेल.

अर्थविचार

धागाकर्त्यांनी इतिहास नीट मांडला आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. ग्राहकाला तार नको होती, त्याला बोलायचे होते. आणि बोलण्यात जी स्पर्धा झाली तिच्याइतकी तीव्र स्पर्धा इतर फार थोड्या सेवांत आपण पाहिली आहे. जानेवारी २००१ मध्ये सरकारने स्थानिक सेवेत कितीही कंपन्यांना परवानगी दिली आणि त्यांना डब्ल्यूएलएल, म्हणजे शेवटच्या टप्प्यात बिनतारी जोडणी, वापरण्याची मुभा दिली. तो फोन कागदोपत्री घरगुतीच होता आणि साधारण तालुक्याएवढ्या टापूतच चालायचा, तरीही मोबाईल कंपन्या हादरल्या आणि न्यायालयात गेल्या. तो वाद नोव्हेंबर २००३ मध्ये घरगुती आणि मोबाईल दोन्हींसाठी एकत्रित परवाना आणून मिटवावा लागला. त्याच वर्षी येणारे कॉल मोफत झाले. पाच-सहा वर्षांपूर्वी ज्या देशात फोनसाठी खासदाराची चिठ्ठी लागत होती, त्या देशात इस्त्रीवाल्याच्या खिशात फोन आला.

स्थिर दूरध्वनींची संख्या २००५-०६ च्या सुमारास पाच कोटींच्या आसपास होती आणि २०२० पर्यंत ती दोन कोटींवर आली. तार सक्तीने भाड्याने द्यायला लावली असती, तर जी वस्तू लोक आपणहून सोडून देत होते, तिच्या भाड्याचा दर ठरवण्यासाठी आपण दहा वर्षे खटले लढलो असतो. शिवाय ज्याने तार घातली त्याला ती प्रतिस्पर्ध्याला स्वस्तात द्यावी लागणार असेल, तर पुढची तार तो कशाला घालील?

निवृत्त तारवाला

मी एकतीस वर्षे बाहेरच्या विभागात काढली, म्हणजे केबल, पिलर (रस्त्याकडेची जोडपेटी), डीपी आणि ग्राहकाचे घर. त्यामुळे धोरणापेक्षा मला खड्डे अधिक ठाऊक आहेत.

तार भाड्याने देणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे आधी सांगतो. एक्स्चेंजमध्ये एमडीएफ नावाची एक लांबलचक लोखंडी चौकट असते. तिच्या एका बाजूला रस्त्यावरून आलेल्या सगळ्या जोड्या, दुसऱ्या बाजूला यंत्राची पोर्टे, आणि दोघांच्या मध्ये जंपरची तार. ग्राहकाची जोडी दुसऱ्या कंपनीला द्यायची तर आमच्या पोर्टावरचा जंपर काढायचा आणि त्या कंपनीच्या यंत्राकडे जाणाऱ्या पट्टीवर ठोकायचा. काम पाच मिनिटांचे आहे. परदेशात हेच चालत असे. आमच्याकडे अडचण पुढची होती, कारण पावसाळ्यात ती जोडी जिवंत असेल याची खात्री देता येत नव्हती.

शंभर जोड्यांची केबल कागदावर शंभर जोड्यांची असते. सांध्यात पाणी शिरले की दर पावसाळ्यात त्यातल्या काही जोड्या मरतात, मग लाईनमन शेजारची मोकळी जोडी शोधून त्यावर काम भागवतो, आणि हे बदल नोंदवहीत चढतातच असे नाही. धागाकर्त्यांच्या डीपीतले पेन्सिलीचे क्रमांक ही खरी नोंदवही, कार्यालयातली निराळी. अशा अवस्थेत दुसऱ्या कंपनीचा ग्राहक फोन बंद पडल्याची तक्रार घेऊन आला असता, तर ती कंपनी म्हणाली असती तार खराब आहे, आम्ही म्हणालो असतो तुमचे यंत्र खराब आहे, आणि ग्राहक दोन खिडक्यांमध्ये हेलपाटे घालीत बसला असता.

आणि दर? महिन्याचे भाडे मुद्दाम कमी ठेवले होते, ट्रंक आणि एसटीडीचे, म्हणजे लांबच्या कॉलचे, दर मुद्दाम चढे. मुंबईहून दिल्लीला बोलणारा व्यापारी आमच्या आळीतल्या आजीबाईंचा फोन पोसत होता. ट्रायने १९९९ च्या मार्चमध्ये हा हिशेब सरळ करायला घेतला, म्हणजे एसटीडी उतरवली आणि स्थानिक भाडे वाढवले, तेव्हा ओरड कोणी केली ते आठवा. स्थानिक सेवेत ज्या दराने आम्ही तोटा सोसत होतो, त्याच दराशी स्पर्धा करायला खासगी कंपनीने यावे, ही अपेक्षाच विचित्र होती. ती आली, पण नरिमन पॉइंटला आणि औद्योगिक वसाहतींत, जिथे एका इमारतीत दोनशे जोडण्या मिळतात. मलई तिथेच होती. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

एडिसनकर

निवृत्त तारवाला यांचा प्रतिसाद वाचून राहवले नाही, म्हणून सभासद झाल्यावर पहिल्यांदाच लिहितो आहे. मी १९९७ पासून न्यू जर्सीत आहे आणि धागाकर्ते जे व्हायला हवे होते म्हणतात, ते इथे प्रत्यक्ष झालेले पाहिले आहे.

अमेरिकेत १ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टी ची फोड झाली आणि स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली, पण प्रत्येक प्रदेशात मक्तेदारी कायम राहिली. ८ फेब्रुवारी १९९६ रोजी क्लिंटन यांनी नव्या दूरसंचार कायद्यावर सही केली. त्याने नव्या कंपन्यांना तीन वाटा दिल्या: स्वतःची तार घाला, जुन्या कंपनीची सेवा घाऊक दराने घेऊन विका, किंवा तिच्या जाळ्याचे सुटे भाग, त्यात घरापर्यंतची तारही आली, भाड्याने घ्या. दूरध्वनी क्रमांक सोबत नेण्याचा हक्क त्याच कायद्यातला. जुन्या कंपन्यांना आमिष असे होते, की तुमचे दार खुले केल्याचे सिद्ध करा, मग तुम्हाला तुमच्या प्रदेशात लांब पल्ल्याच्या सेवेत उतरू देऊ. बेल अटलांटिकला न्यूयॉर्क राज्यात ही परवानगी सर्वप्रथम मिळाली, ती डिसेंबर १९९९ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर जवळजवळ चार वर्षांनी. आमिष होते म्हणून दार निदान उघडले. आपल्याकडे सरकारी कंपनीला असे काय देऊ केले होते? स्थानिक आणि एसटीडी दोन्ही तिच्याच हातात होते.

पण पुढची गोष्ट अर्थविचार यांच्या बाजूची आहे. मी २००० मध्ये एका नव्या कंपनीकडून भाड्याच्या तारेवरचे डीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरून येणारे इंटरनेट, घेतले. बसवायला तीन वेळा माणूस आला. पहिल्या वेळी तार देणाऱ्या कंपनीचा माणूस आलाच नाही, दुसऱ्या वेळी आला तो चुकीची जोडी दाखवून गेला, आणि तिसऱ्या वेळी दोघेही एकाच दिवशी आले म्हणून मी त्यांना चहा केला. वर्षभरात ती सेवा बंद झाली. तांब्यावर डीएसएल विकणाऱ्या नॉर्थपॉइंट, ऱ्हिदम्स आणि कोव्हॅड या तिन्ही मोठ्या कंपन्या २००१ मध्ये दिवाळखोरीत गेल्या. त्यांतली फक्त कोव्हॅड सावरली. भाड्याचा दर कसा काढायचा यावरचे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००२ मध्ये न्यायालयाने तिथल्या दूरसंचार आयोगाची पद्धत उचलून धरली, आणि २००४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने भाड्याने द्यायच्या भागांची यादीच बरीचशी मोडीत काढली. २००५ मध्ये फोडलेल्या सातांपैकी एकीने, एसबीसीने, आपल्या जुन्या आईलाच, म्हणजे एटी अँड टीलाच, विकत घेतले आणि तिचे नाव लावले. आज माझ्या घराला दोन तारा येतात, एक टेलिफोन कंपनीची आणि एक केबल कंपनीची. दोघींचे दर पाहता त्या एकमेकींना ओळखत असाव्यात असे वाटते.

कुडाळचा मुक्काम

सगळी चर्चा एमडीएफ आणि नरिमन पॉइंटची चालली आहे, म्हणून गावाकडचा एक मुद्दा मांडतो. खासगी कंपन्यांच्या परवान्यात अट होती, की एकूण जोडण्यांच्या दहा टक्के ग्रामीण सार्वजनिक दूरध्वनी द्यायचे. आमच्या पंचक्रोशीत असा एकही फोन लागलेला मला आठवत नाही. अट न पाळल्याचा दंड भरणे हे डोंगरात खांब उभे करण्यापेक्षा स्वस्त असेल, तर कोणताही हिशेबी माणूस दंड भरतो. पुढे सार्वत्रिक सेवा निधी निघाला, २००३ च्या अखेरीस त्याला कायद्याचा आधार मिळाला आणि सर्व कंपन्यांच्या महसुलातून पाच टक्के त्यात जाऊ लागले. कल्पना म्हणून ती मला पटते, कारण परवान्यात कोंबलेल्या अटीपेक्षा समोर ठेवलेला पैसा प्रामाणिक असतो.

मात्र आमच्याकडे फोन आला तो सरकारी खात्याचाच. वडिलांनी आधी वर्गणी भरून ठेवली होती. जोडणी आली त्या दिवशी तार फणसाच्या फांदीवरून ओढली होती आणि पुढची कित्येक वर्षे फणस काढायचा तर आधी लाईनमनला विचारावे लागे. त्याला दोन फणस दिले की तो स्वतःच शिडी घेऊन यायचा. स्पर्धेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तोट्यात चालणारा तो फोन कोणी लावला असता, हेही सांगावे.

अर्थविचार

वरील प्रश्न रास्त आहे. तो फोन बाजाराने लावला नसता, हे मी मान्य करतो. परंतु त्यासाठी निवडलेला मार्ग पाहा. २००३ पासून ॲक्सेस डेफिसिट चार्ज नावाची आकारणी सुरू झाली, म्हणजे इतर कंपन्यांच्या कॉलमधून ठरावीक पैसे काढून स्थानिक सेवेचा तोटा भरून काढायचा. त्यातला मोठा भाग बीएसएनएल या सरकारी कंपनीला मिळत असे. ती २००८ मध्ये संपली. या पाच वर्षांत तो पैसा तांब्याच्या दुरुस्तीला किती लागला आणि पगाराला किती, हे जाळ्याच्या अवस्थेवरूनच दिसते. अनुदान तारेशी बांधले असते आणि तार सर्वांना खुली ठेवली असती, तर कदाचित मी या धाग्यावर दुसऱ्या बाजूने लिहीत असतो. इतके मान्य करूनही एडिसनकरांचा अनुभव मला महत्त्वाचा वाटतो. दर ठरवण्याचे काम वकिलांच्या हाती गेले, की स्पर्धा बाजारात कमी आणि न्यायालयात जास्त होते.

शनिवारपेठी

एडिसनकर, आपला प्रतिसाद वाचून माझे मत थोडे हलले, हे कबूल करतो. सक्ती केली असती म्हणजे सगळे सुरळीत झाले असते, असे मी आता म्हणणार नाही. पण आपल्याच लिहिण्यातला एक भाग मला सोडवत नाही, तो म्हणजे क्रमांक सोबत नेण्याचा हक्क. आपल्याकडे मोबाईलला तो जानेवारी २०११ पासून देशभर मिळाला. घरच्या फोनला तो आजही नाही. उलट क्रमांकावरूनच कंपनी ओळखू येईल अशी रचना केली गेली: २ ने सुरू झाला तर सरकारी, ३ ने रिलायन्स, ४ ने भारती, आणि टाटांचा आधी ५, मग ६. ज्या दवाखान्याच्या पाटीवर, पत्रिकेवर आणि लग्नाच्या आमंत्रणांवर पंचवीस वर्षे एकच क्रमांक छापला गेला, तो डॉक्टर कंपनी बदलण्यासाठी क्रमांक सोडील का? यासाठी खड्डा खणावा लागत नाही, की तांब्याची जोडी तपासावी लागत नाही. तरीही ते झाले नाही, म्हणून तांत्रिक अडचणींचे कारण मी अर्धेच मानतो.

निवृत्त तारवाला

क्रमांकाच्या बाबतीत आपले बरोबर आहे. ते करता आले असते. वरून कोणी मागितलेच नाही, आणि खालून आम्ही कशाला सुचवू?

एक गोष्ट मात्र मनाला लागते. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार आणि एमटीएनएलचे १४ हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. कोणत्या पिलरमधली कोणती जोडी जिवंत आहे, हे ज्या माणसांच्या डोक्यात होते ती माणसे त्या संध्याकाळी घरी गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये तारेच्या जोडण्यांत जिओने बीएसएनएलला मागे टाकले; ती बातमी आली, तेव्हा आमच्या जुन्या मंडळींच्या गटावर कोणीही काही लिहिले नाही. तारेचा व्यवसाय मेला असे आम्हाला सांगितले जात होते. तो मेला नव्हता, तांब्यातून काचेत गेला होता.

केबलवाला

मी उपनगरात छोटे फायबरचे जाळे चालवतो, म्हणून दोनच वाक्ये. मोठी कंपनी विकासकाला इमारतीमागे रक्कम देते किंवा लॉबीत कॅमेरे फुकट बसवून देते, आणि त्या बदल्यात जिन्याच्या शाफ्टची (तारा वर नेण्याच्या पोकळीची) किल्ली फक्त तिच्या माणसाकडे राहते; मी दरात निम्म्यावर आलो तरी मला चौथ्या मजल्यापर्यंत तार नेता येत नाही. तुमच्या एमडीएफच्या जागी आता हा शाफ्ट आहे.

एडिसनकर

केबलवाला यांनी सांगितलेला प्रकार इथेही होता. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने निवासी इमारतींतले एकाधिकाराचे दूरध्वनी करार २००८ मध्ये बंद केले. मग कंपन्यांनी एकाधिकाराऐवजी महसुलातला वाटा इमारतीच्या मालकाला देणे सुरू केले, म्हणजे दार कायद्याने उघडे आणि मालकाच्या स्वार्थाने बंद. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांपैकी एकाधिकाराच्या आणि चढत्या टक्केवारीच्या वाट्यांवरही बंदी आली. तेव्हा करारात 'एकमेव' हा शब्द नाही एवढ्यावर समाधान मानू नका. विकासकाला कंपनीकडून काय मिळते, ते लेखी मागा.

उत्तरा

मी वास्तुरचनाकार आहे आणि पुनर्विकासाचीच कामे करते, म्हणून धागाकर्त्यांच्या मूळ अडचणीकडे वळते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात सार्वजनिक जागेतून तार नेण्याची परवानगी भेदभाव न करता आणि शक्य तितकी कोणा एकालाच न देता द्यावी, असे म्हटले आहे. पण खासगी मालमत्तेत सगळे मालकाशी होणाऱ्या करारावर आहे, आणि ताबा मिळेपर्यंत तुमच्या इमारतीत विकासकच मालकासारखा वागतो. ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे विनियम आणले आहेत, परंतु मानांकन घेणे ऐच्छिक आहे. म्हणून कायद्याची वाट न पाहता आराखड्यातच बदल करून घ्यावा.

माझा सल्ला असा. विकासकाकडून प्रत्येक मजल्यापर्यंत किमान तीन स्वतंत्र रिकाम्या नळ्या टाकून घ्या आणि त्या सोसायटीच्या सामाईक मालमत्तेत नोंदवा. तळमजल्यावर एक छोटी खोली ठेवा, जिथे कोणतीही कंपनी आपली पेटी लावू शकेल, आणि तिची किल्ली सचिवांकडे राहील. प्रत्येक सदनिकेपर्यंतची फायबर सोसायटीने स्वतः घालून घेतली तर उत्तमच. मग कंपनी बदलणे म्हणजे त्या खोलीतली एक दोरी इकडून काढून तिकडे खोचणे. बांधकामाच्या एकूण खर्चात ही रक्कम नजरेत भरत नाही. प्लास्टर झाल्यानंतर मात्र हेच काम तुमच्या सभासदांना कधीच परवडणार नाही.

निवृत्त तारवाला

उत्तराताई, आपण सांगितलेली खोली म्हणजे आमची एमडीएफच झाली, फक्त मालक ग्राहक. धागाकर्ते पुण्यातच असतील आणि हरकत नसेल, तर नळ्या टाकायच्या दिवशी मी येऊन उभा राहीन. वळणावर नळी काटकोनात वाकवली की पुढे तार ओढताना अडकते, आणि हे ठेकेदाराला दर वेळी सांगावे लागते.

शनिवारपेठी

काका, हरकत कसली, आपण अवश्य यावे. रविवारी विशेष सर्वसाधारण सभा आहे. एकमेव कंपनीचे कलम वगळणे आणि तीन नळ्या, असे दोन ठराव मी आज सूचनाफलकावर लावले आहेत. विकासकाच्या प्रतिनिधीने पहिल्या ठरावाबद्दल दोनदा फोन केला. दुसऱ्याबद्दल त्याने अजून काही विचारलेले नाही.